लघुप्रबंधासाठी देश सुचवा: लिबिया की सुदान?

मृण्मयी_एमए
नमस्कार मंडळी. राज्यशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी असा देश हवाय, ज्याच्यावर दहशतवादाला पाठबळ दिल्याचा आरोप होता आणि नंतर अमेरिकेशी संबंध सुधारले. लिबिया घेऊ की सुदान? वाचायला सुरुवात कुठून करू?

खलाशी
डोळे झाकून लिबिया घे. १९८८ मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅनॅम या अमेरिकी कंपनीचं विमान स्फोटात कोसळलं, २७० जण गेले, ठपका लिबियावर आला. सुरक्षा परिषदेच्या ठराव ७४८ (१९९२) ने निर्बंध लादले, १५०६ (२००३) ने उठवले. ऑगस्ट २००३ चं लिबियाचं पत्र आधी वाच. त्यात 'आपल्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांची' जबाबदारी घेतलीय, हुकूम कोणाचा होता याबद्दल अवाक्षर नाही. आणि भरपाईचे हप्ते नीट बघ. प्रत्येक मृतामागे एक कोटी डॉलर, पण संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध उठले की ४० लाख, अमेरिकेचे उठले की ४० लाख, दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या अमेरिकी यादीतून नाव निघालं की २० लाख. म्हणजे ज्यांची माणसं गेली, त्यांचे पैसे वॉशिंग्टनच्या निर्णयांवर अडकवले. तुझा विषय इथेच आहे.

सावली
लिबियावर ढिगाने लिहून झालंय गं. सुदान घे. १९९१ ते ९६ लादेन तिथे होता, १९९३ पासून देश त्याच अमेरिकी यादीत. २०१९ मध्ये लोक महिनोन्‌महिने रस्त्यावर उतरले, हुकूमशहा बशीरची सत्ता गेली. तरी यादीतून सुटायला नव्या सरकारला लादेनच्या अल-कायदाच्या हल्ल्यांतल्या पीडितांसाठी ३३.५ कोटी डॉलर भरावे लागले, तेही देशात पावासाठी रांगा लागलेल्या असताना. डिसेंबर २०२० मध्ये नाव निघालं. पीडितांना भरपाई मिळायलाच हवी, पण हुकूमशहाचं देणं त्याला घालवणाऱ्यांच्या माथी मारणं मला अजिबात पटत नाही.

खलाशी
सावलीताई, अन्याय झालाच. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली. संबंध सुधारून काय साधलं हे तपासायला वर्षही मिळत नाही. लिबियात संबंध पूर्ववत झाल्यापासून गद्दाफीची सत्ता जाईपर्यंत, २००६ ते २०११ मिळतात.

मृण्मयी_एमए
दोघांचेही आभार. मुख्य लिबिया, तुलनेला सुदान, आणि भर भरपाईवर. ठराव १५०६ ला अमेरिका आणि फ्रान्स तटस्थ राहिलेले दिसतात. फ्रान्स का?

खलाशी
१९८९ मध्ये नायजरच्या वाळवंटावर यूटीए या फ्रेंच कंपनीचं विमान पाडलं, १७० मृत, ठपका लिबियावरच. त्यांच्या घरच्यांना लॉकरबीच्या मानाने फारच कमी मिळालं होतं, म्हणून फ्रान्स वाढीव रकमेसाठी अडून बसला होता. जानेवारी २००४ मध्ये १७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. यावर स्वतंत्र प्रकरण कर.