घरातल्या प्रत्येक यंत्राला वेगळा पब्लिक आयपी द्यावा का?

धागाकर्ता
पुण्यातल्या आमच्या घरचं फायबर कनेक्शन दोन वर्षं सीजीनॅटमागे होतं, म्हणजे कंपनी एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटत होती. राउटरवर १००.७२ ने सुरू होणारा पत्ता दिसायचा, म्हणजे राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा (बाहेरून येणाऱ्याला दार उघडून द्या), बाहेरून घरात यायला वाटच नाही. शेवटी बिझनेस प्लॅन घेतला, /२९ चा ब्लॉक, म्हणजे सलग पब्लिक पत्त्यांचा गट मिळाला. पत्ते आठ, पण पहिला-शेवटचा वापरता येत नाही आणि एक कंपनीच्या गेटवेला जातो. हाती उरले पाच. ओएनटीला, म्हणजे फायबर जिथे येऊन संपते त्या डब्याला, स्विच जोडला आणि राउटर, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर, फाइली साठवणारा एनएएस, मेल सर्व्हर यांना एकेक पत्ता दिला. माझं ठाम मत आहे की प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता हीच इंटरनेटची मूळ रचना. नॅट, म्हणजे अनेक यंत्रांनी एकच पब्लिक पत्ता वापरणं, ही पत्त्यांच्या टंचाईमुळे आलेली तडजोड. ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावेत. तुम्हाला काय वाटतं?

रात्रपाळी
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्विच राउटरच्या आधी लावलाय, म्हणजे एनव्हीआर आणि एनएएस थेट रस्त्यावर आहेत, मध्ये फायरवॉलच नाही. २०१६ मध्ये मिराई हा घातक प्रोग्रॅम असेच कॅमेरे आणि डीव्हीआर शोधत फिरला, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून आत शिरला. त्या यंत्रांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या, कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेकांना उघडेनात. आत्ता उठा आणि एनव्हीआरचा लॉगिन लॉग बघा.

धागाकर्ता
बघितला. काल रात्री २:१४ ते २:५१, ओळीवर ओळ. 'ॲडमिन', 'रूट', 'सपोर्ट', परत 'ॲडमिन'. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलला होता म्हणून वाचलो. घरातल्या लेकरांच्या खोलीसमोरचा कॅमेरा त्याला जोडलेला आहे, हात थरथरले. एनव्हीआरची वायर लगेच काढली. तरीही माझा मुद्दा कायम आहे: चूक पब्लिक पत्त्याची नाही, फायरवॉल न लावण्याची आहे. नॅट म्हणजे सुरक्षा नव्हे.

टपालवाली
धागाकर्त्यांचं बरोबर आहे, निदान मेलपुरतं तरी. मीही घरून मेल सर्व्हर चालवते. घरातला एखादा फोन बिघडून त्याच पत्त्यावरून स्पॅम सोडू लागला की पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये जातो आणि आपली खरी पत्रंही लोकांच्या स्पॅममध्ये पडतात. म्हणून मेलला वेगळा पत्ता हवाच. त्याचा रिव्हर्स डीएनएस (पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) कंपनीकडून लावून घ्या, मेलची ये-जा होते ते पोर्ट २५ उघडं आहे ना तेही विचारा. आणि ब्लॉक तुमच्या राउटरकडे राउट करून द्यायला सांगा. मग यंत्रांना पब्लिक पत्तेच राहतात, पण प्रत्येक पॅकेट फायरवॉलमधून जातं.

रात्रपाळी
ताई, मेलचं मान्य. बाकीच्यांना मात्र अजिबात नको. कॅमेरे बघायला वायरगार्ड हा व्हीपीएन (घरापर्यंतचा कुलूपबंद बोगदा) पुरे: एकच यूडीपी पोर्ट, आणि बरोबर किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. वेबवरच्या सेवा दहा असल्या तरी एका पत्त्यावर, वेबच्या पोर्ट ४४३ वर, रिव्हर्स प्रॉक्सी हा मधला प्रोग्रॅम त्या नावावरून वेगळ्या करतो. दुसरं असं की आशिया-पॅसिफिकमधले आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचे, मोजकेच असलेले) पत्ते एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या ब्लॉकवर आले. कितीतरी घरं एका पत्त्यामागे दाटीवाटीने बसलेली असताना एका घराने आठ अडवावेत, हे मला पटत नाही.

कोकणातून
मग आयपीव्ही६, म्हणजे भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, का नको? माझ्या कनेक्शनवर /५६ चा ब्लॉक मिळतो, म्हणजे २५६ नेटवर्क, यंत्रांना पत्ते हवे तेवढे, वर पैसे नाहीत. फक्त राउटरवर बाहेरून येणारं सगळं बंद ठेवून हवं तेवढंच उघडायचं. अडचण एकच, आमच्याकडे राउटर बंद-चालू झाला की प्रिफिक्स, म्हणजे पत्त्यांचा सुरुवातीचा भाग, बदलतो. स्टॅटिक (न बदलणारा) प्रिफिक्स मागून मागून थकलो.

धागाकर्ता
स्टॅटिक प्रिफिक्स देत असते तर मी हा ब्लॉक घेतलाच नसता. आजचा बदल सांगतो: ब्लॉक राउट करून घेतला, स्विच राउटरच्या मागे गेला. मेलला स्वतःचा पत्ता, एनव्हीआर वायरगार्डच्या आत. एनएएसचा पब्लिक पत्ता ठेवलाय, फायरवॉलमध्ये फक्त भावाच्या घरचा पत्ता उघडा आहे, रात्री बॅकअप तिकडे जातो. ब्लॉक परत करणार नाही.

रात्रपाळी
भावाकडेही वायरगार्ड बसवा आणि एनएएस आत घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. अडलं तर इथेच विचारा, मी जागा आहे.