उपाशी आयसोपॉड थोर की दिवसाढवळ्या हरवलेला रानपिंगळा?

सातपुडेकर : दर्यावर्दी यांनी काल लिहिले, की जपानमधल्या तोबा मत्स्यालयातला महाकाय आयसोपॉड (खोल समुद्रातला कवचधारी जीव) पाच वर्षे अन्नावाचून जगला आणि त्यापुढे रानपिंगळा हे दुर्मीळ घुबड म्हणजे दुर्बीणवाल्यांनी डोक्यावर चढवलेला साधा पिंगळाच. हे वाचून गप्प बसवले नाही. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी असते; रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा असतो, शेपटीवरचे पट्टे रुंद असतात, आणि सागाच्या उघड्या शेंड्यावर भर उन्हात बसून शेपटी झटकत राहण्याची त्याला खोड आहे. असा उघड्यावर बसणारा पक्षी १८८४ नंतर ११३ वर्षे अभ्यासकांना सापडला नाही, याला ब्रिटिश पक्षीसंग्राहक माइनर्टझागेन यांची चोरीही कारणीभूत होती. संग्रहालयातून लांबवलेला नमुना त्यांनी १९१४ साली गुजरातेत आपणच मिळवल्याचे दाखवले, त्यामुळे शोधणारे भलत्याच जागी गेले. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीस आणली, आणि खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ दिसला.

दर्यावर्दी : माणसाने केलेल्या चोरीचे मोठेपण पक्ष्याच्या पदरात कशासाठी? महाविद्यालयात असताना मी आयसोपॉडचा नमुना बरणीतून काढून हातावर घेतला आहे. एकावर एक चढलेली कवचाचे पट्टे, आकड्यासारख्या नख्यांचे सात जोड पाय. कुंडी उचलली की खाली जे राखाडी किडे वेटोळे करून बसतात, त्यांचा हा हातभर लांबीचा भाऊबंद आहे. समुद्रतळाशी वरून एखादा मेलेला मासा पडेल तेव्हाच जेवण, म्हणून हा जीव मिळेल तेव्हा तडस लागेस्तोवर खातो आणि मग थांबतो. तोबातला आयसोपॉड जानेवारी २००९ ते फेब्रुवारी २०१४ असा थांबला. तुमचा पक्षी तर धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत २०१८ पासून ‘अतिसंकटग्रस्त’सुद्धा राहिलेला नाही.

पाणवठा : यादीतली पायरी बदलली म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी एकदा मेळघाटात यावे. गेल्या हिवाळ्यात आमच्या डोळ्यांदेखत एका छायाचित्रकाराने मोबाइलवर रानपिंगळ्याची साद इतक्या वेळा वाजवली, की शिकार सोडून तो पक्षी अर्धा तास प्रतिस्पर्धी शोधत फिरला. समुद्रतळाशी निदान हा उपद्रव नाही.

दर्यावर्दी : तिथे ट्रॉलर, म्हणजे जाळी ओढणाऱ्या मासेमारी नौका, तळ खरवडत जातात. मोबाइलची कसली तक्रार करता?

सातपुडेकर : ट्रॉलरचा उल्लेख करून सादेचा प्रश्न टोलवू नका. मीही पूर्वी दोनदा साद वाजवली आहे आणि त्याची लाज वाटते.

पाणवठा : दोनदाच? तुमच्या ओळखीचे वाटाडे वेगळे सांगतात.

सातपुडेकर : वाटाड्यांची नावे सांगायची हिंमत असेल तर बोला, नाहीतर शब्द मागे घ्या. मी नवखा होतो, कुणी रोखले नाही, आणि तेव्हा आपल्यापैकी निम्मे लोक हेच करत होते.

पाणवठा : शब्द मागे घेतो, ‘निम्मे’ हा आकडा मात्र तुम्हीच कमी धरला आहे.

दर्यावर्दी : तुमचे भांडण आटोपले असेल तर एक कबूल करतो, कोऱ्या माथ्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ‘साधा’ हा शब्द मागे. पाच वर्षांचा उपास मात्र तुमच्या पक्ष्याला पाच दिवसही जमणार नाही.

सातपुडेकर : पाच वर्षे ताटाकडे पाठ फिरवून बसण्याला तुम्ही पराक्रम म्हणत असाल, तर आमचा पक्षी हरला. तो सरडे पकडतो.