काडतुसाच्या केसचा गळा का चिरतो
वर एकांनी विचारलंय की .३७५ एच अँड एच या रायफलच्या काडतुसाची केस, म्हणजे पितळी नळी, .४५८ लॉट या जास्त जाड गोळीच्या काडतुसासाठी फुगवताना तिचा गळा (गोळी धरणारं तोंड) उभा चिरतो, पितळ भेसळीचं असेल का. भेसळ नव्हे ओ, पितळ कडक झालंय. केसचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त, ते थंडच दाबलं-ओढलं की दरवेळी थोडं कडक होत जातं, म्हणून मधे तापवून मऊ करावं लागतं, त्यालाच अ‍ॅनिलिंग म्हणतात. आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रेसकाम करणाऱ्या कुणालाही विचारा, पितळी पत्रा खोल ओढताना मधे अ‍ॅनिलिंग चुकवलं की काठ फाटलाच. आणि तापवल्यावर पाण्यात विझवलं म्हणून हे पोलादासारखं कडक होत नाही, ती भीती सोडा. तापवायचं फक्त तोंड, बूड थंडच राहिलं पाहिजे, बूड मऊ पडलेली केस सरळ भंगारात, कारण बार उडाल्यावर दाब सोसायला तिथलं पितळ कडकच लागतं.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात नुसती ठेवूनच चिरायची, घोड्यांच्या पागेजवळ साठवलेली असायची ती. १९२१ मध्ये कारण नीट मांडलं गेलं, मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळात अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र. बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीतच आहे, तेव्हा अमोनियावालं ब्रास पॉलिश केसला अजिबात लावू नका. बाकी इथं लायसन्सशिवाय काडतूस बनवणं आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली गुन्हा आहे, ते आधी बघा.