ब्रिज की इम्प्लांट: घाई नको
वडिलांच्या पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज (शेजारच्या दातांवर आधार घेऊन बसवलेला नकली दात) आठवड्याभरात बसतो, मग इम्प्लांटसाठी (जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात) चार महिने कशाला थांबायचं, असं तुम्ही विचारलंत. टायटॅनियमच्या स्क्रूला हाड घट्ट धरेपर्यंत साधारण ३ ते ६ महिने जातातच. पण ब्रिजसाठी शेजारचे दोन धडधाकट दात तासून बारीक करावे लागतात, आईच्या बाबतीत मला नेमकं तेच नको होतं. नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी आधी स्कॅनवर हाडाची जाडी दाखवली आणि तिची साखर आटोक्यात येईपर्यंत हिरडीला हातच लावला नाही. परवा तिने त्याच बाजूने भाजलेले शेंगदाणे चावून खाल्ले, इतकं बरं वाटलं! तुमचे वडील तंबाखू खात असतील तर आधी ती सोडवा. आणि इम्प्लांटची कंपनी, बॅच नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या, पुढे दुरुस्तीला लागतं.