ओकोम्फो: भोंदू की गावाचा आधार?

पारंबी:
घानातल्या अकान लोकांच्या देवाचा पुजारी म्हणजे ओकोम्फो. त्याला सरसकट भोंदू ठरवणं मला पटत नाही. देव ज्याच्या अंगात येतो त्याला देवानेच निवडलं, अशी तिथली श्रद्धा. पण तेवढ्यावर भागत नाही. जाणत्या ओकोम्फोकडे साधारण तीन वर्षं राहून झाडपाला ओळखायचा, ढोलांच्या ठेक्यावर नाचायला शिकायचं, पथ्यं पाळायची, केस कापायचे नाहीत. आजार, भाऊबंदकी, मूल न होणं, सगळं घेऊन माणसं त्याच्याच अंगणात येतात. ओकोम्फो होणाऱ्यांत बायकाही कमी नाहीत. लार्तेहच्या अकोन्नेदी देवस्थानाच्या नाना ओपारेबेआ यांनी तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनाही दीक्षा दिली.

उंबरठा:
आणि ट्रोकोसी? त्याच घानात, व्होल्टा भागात, घरातल्या कुणाच्या गुन्ह्याचं प्रायश्चित्त म्हणून कोवळी मुलगी देवस्थानाला वाहतात. तिथे ती पुजाऱ्याच्या शेतात राबते, पुढे त्याच्याच मुलांची आई होते. आपल्याकडे यल्लम्माला मुली सोडल्या जात. तेव्हाही परंपरेचीच ढाल पुढे केली जायची. तुमच्या झाडपाल्याचं कौतुक त्या मुलीला सांगून बघा.

पारंबी:
त्या प्रथेची बाजू मी घेणार नाही. पण ती एवे लोकांतल्या काही देवस्थानांची, तिथला पुजारी वेगळा. अकानांच्या ओकोम्फोवर तिचं पाप का?

उंबरठा:
जमात वेगळी, मान्य. पण देवाचं म्हणणं फक्त एकालाच कळतं म्हटल्यावर त्याला जाब कोण विचारणार? हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे. १९९८ साली घानाने कायदा करून ही गुलामी गुन्हा ठरवली, किमान तीन वर्षं कैद. जाब विचारायला शेवटी सरकारच लागलं.

माजघर:
एवढ्याने मुली सुटल्या नाहीत, उंबरठा. देवाचा कोप होईल म्हणून घरचेच त्यांना परत घ्यायला धजत नव्हते. मुली सोडवणाऱ्या संस्थांची माणसं पुजाऱ्यांकडेच जाऊन बसली, पैसे-गुरं देऊन बोलणी केली. पुजाऱ्याने विधी करून ‘ही आता मोकळी’ म्हटलं, तेव्हा कुठे गावाने मानलं. पुजाऱ्याला वगळून हे झालं नसतं.

उंबरठा:
म्हणजे ज्याने डांबलं त्यालाच मोबदला. मुली सुटल्या याचा आनंद आहे, पण त्यांच्या वाया गेलेल्या वर्षांचा मोबदला त्यांना कुणी दिला?