नव्या मोटारसायकलचे साइड स्टँड मातीत रुतते. तळव्याला प्लेट जोडावी का?

दापोलीकर (प्रश्न)

पाडव्याच्या मुहूर्तावर घेतलेली १६० सीसीची मोटारसायकल चालवायला उत्तम आहे. इंजिन, ब्रेक किंवा मायलेज यांपैकी कशाबद्दलही माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती केवळ साइड स्टँडची. त्याचा जमिनीला टेकणारा तळवा जेमतेम ३ सेंमी रुंद आणि ४ सेंमी लांब आहे, आणि आमच्याकडच्या तांबड्या मातीवर पाऊस पडला की तो सावकाश रुतत जातो. गाडी लावून दुकानात जावे आणि सामान घेऊन बाहेर यावे, तर ती डावीकडे इतकी कललेली असते की चिखलात उभे राहून सरळ करताना आपलाच पाय घसरतो. या मॉडेलला डबल स्टँड नाही आणि ते बसवण्याची सोयही चासीवर दिलेली नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये ‘खाली दगड ठेवत जा’ असे सांगण्यात आले. तळव्याखाली लोखंडी प्लेट वेल्ड करून घ्यावी, की ऑनलाइन मिळणारा ॲल्युमिनियमचा बेस बसवावा? वेल्डिंगमुळे ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) किंवा वॉरंटीला काही धोका आहे का?

उद्यमनगर_कोल्हापूर

प्लेट जोडल्याने फरक निश्चित पडतो. आपल्या तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस सेंमी आहे. त्याजागी ६ बाय ७ सेंमीची प्लेट आली तर ते ४२ होते, म्हणजे तेवढ्याच वजनाला साडेतीन पट जागा मिळते आणि मातीवरचा दाब त्याच प्रमाणात उतरतो. मात्र प्लेट किती मोठी घ्यावी यापेक्षा ती कोणत्या बाजूला वाढवावी हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक जण नेमका त्याचाच विचार करत नाहीत.

स्टँड मागे दुमडले जाते तेव्हा तळव्याची पुढची कड खाली येते आणि मागची कड वर जाते. त्यामुळे प्लेट पुढे वाढवली तर ती डाव्या वळणावर किंवा उंच स्पीडब्रेकरवर घासू शकते. मागे वाढवली तर वर असलेल्या चेनच्या जवळ जाते. आतल्या बाजूला चेन आणि टायर असल्याने तिकडे तर वाढवूच नये. राहिली बाहेरची बाजू. तिकडे मोकळीक सर्वाधिक असते, पण तिथेही अति केल्यास गिअर टाकताना बूट अडकतो आणि गाडी वळणावर झुकली की ती कड आधी टेकते. म्हणून बाहेर सढळ, पुढे थोडे, मागे जवळजवळ नाही, असा आकार ठेवावा.

लोखंड कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचा तसाच तुकडा कापून तळव्याला चिकटपट्टीने लावा आणि स्टँड दुमडून खाली वाकून पाहा. चेनला मुळातच दोन-तीन सेंमी प्ले (ढिलाई) ठेवलेला असतो. शिवाय मागचे चाक खड्ड्यात उतरते तेव्हा शॉकअप (धक्के शोषणारा भाग) लांबतो आणि चेन चासीच्या मानाने खाली येते. त्यामुळे गाडी उभी असताना दिसणारे अंतर पुरेसे वाटले तरी त्यावर विसंबू नये. बोटभर जागा जास्तच सोडावी.

जाडीबद्दलही सांगतो. चाकांच्या रेषेपासून तळवा साधारण ३० सेंमी अंतरावर टेकतो असे धरले, तर ३ मिमीच्या प्लेटने गाडी सुमारे अर्धा अंश सरळ होते, जे जाणवतही नाही. बाजारातले काही बेस १०-१२ मिमी जाड असतात. त्यांनी दोन अंशांचा फरक पडतो. मागे सामान लादले की शॉकअप दबून गाडी आणखी सरळ उभी राहते, आणि मग उजवीकडे किंचित उतार असला तरी ती त्या बाजूला पडू शकते. म्हणून ३ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट पुरे.

वेल्डिंग गाडीवर बसवलेल्या स्थितीत करू नका. वेल्डिंगचा करंट अर्थिंगच्या वाटेने वायरिंगमध्ये आणि बेअरिंगांमध्ये शिरू शकतो. ईसीयू आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीवर हा धोका पत्करण्याचे कारणच नाही. स्टँड एका बोल्टवर असते, ते सोडवून वेल्डरकडे न्यावे. त्याआधी गाडीला पॅडॉक स्टँड (मागचे चाक उचलून धरणारा स्टँड) किंवा भक्कम आधार द्यावा. स्प्रिंग काढणे सगळ्यांना अवघड जाते. त्यावर सोपा उपाय असा की, स्टँड ज्या स्थितीत स्प्रिंग सर्वांत ताणली जाते त्या स्थितीत तिच्या वेटोळ्यांमध्ये वॉशर अडकवत जावे. मग स्प्रिंग ताणलेलीच राहते आणि हुकातून हाताने निघते. डोळ्यांवर गॉगल मात्र हवाच. स्टँड खाली असताना गिअर टाकल्यास इंजिन बंद पाडणारा स्विच तिथेच असतो, त्याची वायर ओढली जाणार नाही याची काळजी घ्यावी.

चंद्रपूरचा_ऊन्हाळा

हा त्रास केवळ चिखलाचा नाही. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी डांबर इतके मऊ होते की रस्त्याकडेला लावलेल्या गाडीच्या स्टँडचा ठसा उमटतो. मी वेल्डिंगऐवजी तळव्याला वरून-खालून धरणारा दोन तुकड्यांचा बेस बसवला आहे. तो ॲलन स्क्रूंनी आवळला जातो, मूळ भागाला भोक पाडावे लागत नाही आणि सर्व्हिसिंगच्या आधी काढून ठेवता येतो, त्यामुळे वॉरंटीवरून वाद उद्भवत नाही. स्क्रूंना थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) न लावल्यास कंपनाने ते सैल होतात आणि बेस कधी रस्त्यात पडला हे कळतही नाही.

दापोलीकर

दोघांचेही आभार. पुठ्ठा लावून पाहिला. मागच्या बाजूला खरोखरच जागा नाही. जो बेस मी मागवणार होतो तो चारही बाजूंना सारखा वाढलेला असल्याने चेनला लागला असता. वॉरंटी असेपर्यंत मूळ स्टँड तसेच ठेवून, दुसरे स्टँड स्पेअर पार्टच्या दुकानातून घेऊन त्यालाच प्लेट जोडावी असे मनात आहे. आरटीओच्या दृष्टीने यात काही अडचण येईल का?

उद्यमनगर_कोल्हापूर

दुसरे स्टँड घेण्याचा विचार उत्तम. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा रोख आरसीवर नोंदलेला तपशील बदलेल अशा फेरफारांवर आहे. स्टँडच्या तळव्याने त्यातले काहीच बदलत नाही. प्लेटचे कोपरे ग्राइंडरने गोल करून घ्या, नाहीतर चिखलात हात घालून गाडी पुसताना बोट कापेल. वरून रेड ऑक्साइड (गंजरोधक अस्तर) आणि काळा रंग मारावा; खालचा रंग टिकणार नाही, तो पावसाळ्याआधी दरवर्षी पुन्हा मारावा. स्टँड परत बसवताना बोल्टला ग्रीस लावा आणि स्टँड खाली ठेवून, गिअर टाकून इंजिन बंद पडते का हे तपासा.