श्वासातला ऑक्सिजन नेमका जातो कुठे?
बरेचदा असं सांगितलं जातं की आपण घेतलेला ऑक्सिजन पेशीत ग्लुकोजला जाळतो आणि तोच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. 'जाळतो' ढोबळमानाने चालेल, पण पुढचं चूक आहे (मीपण कॉलेजात जाईपर्यंत हेच धरून चाललो होतो). कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो ग्लुकोजमधून आणि पाण्यातून, श्वासातला ऑक्सिजन पार शेवटी लागतो, मायटोकाँड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरात) ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जात जात टोकाला पोचतात तिथे तो ते उचलतो आणि त्याचं पाणी होतं, बस एवढंच त्याचं काम, पण ते थांबलं की मागची सगळी रांग तुंबते.

आणि एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी (पेशी ऊर्जा वापरते ती याच रेणूच्या रूपात) मिळतात, हे जुन्या पुस्तकातलं गणित आहे, आता साधारण ३० ते ३२ धरतात. कारण इलेक्ट्रॉनच्या या प्रवासात थेट एटीपी बनतच नाही, मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन साठवले जातात आणि धरणाचं पाणी टर्बाइनमधून सोडावं तसे ते एका एन्झाइममधून परत येतात, त्यातून एटीपी बनतं, आणि ते एन्झाइम खरोखर गरागरा फिरतं! थोडे प्रोटॉन मधेच गळतात, काही इतर कामाला जातात. ब्रिटिश बायोकेमिस्ट पीटर मिचेलने १९६१ मध्ये प्रोटॉनची ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच जणांना पटली नव्हती, नोबेल मिळालं ते थेट १९७८ ला.